पंधरा डॉलरचा नाताळ

“वीस डॉलर,” मी म्हणाले. “यंदा माणशी एकच भेट आणायची, आणि वीस डॉलरच्या वर कोणी जायचं नाही.”

सासूबाईंकडे थँक्सगिव्हिंगचं जेवण होत आलं होतं. टेबलावर टर्कीचा सांगाडा आणि भोवती आम्ही सगळं थिबोडो कुटुंब. आमच्यात अशा वेळी काय ते रोझेरने बोलायचं, कारण तो माझा थोरला दीर आणि त्याचं स्वतःचं स्नोमोबाइलचं, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचं, दुकान. गेल्या नाताळात त्याने एवढ्या भेटी आणल्या की सासूबाईंचं दार उघडं ठेवून माल उतरवावा लागला, आणि घर तापायला संध्याकाळ झाली. मला वाटलं, आता हा हसणार आणि म्हणणार, काय क्लोडेट, भिकेला लागलात का?

आणि आम्ही खरंच लागलो होतो. कागदाच्या गिरणीत माझ्या नवऱ्याचं, लिओचं, यंत्र सप्टेंबरपासून बंद होतं. आठवड्याला दोन दिवस काम मिळालं तर मिळालं. हे रोझेरच्या कानावर जाता कामा नये, असं लिओने मला बजावून ठेवलं होतं. चुलतभाऊ फर्नांची नोकरी गेली तेव्हा रोझेरने सगळ्यांदेखत पाकीट उघडून त्याच्या हातात नोटा कोंबल्या होत्या, आणि पैसा कसा सांभाळावा हे जेवण संपेपर्यंत ऐकवलं होतं. फर्नां त्यानंतर कुठल्याच सणाला आला नाही.

रोझेरने काटा खाली ठेवला. “पंधरा ठेवू,” तो म्हणाला.

“काय?”

“वीस फार होतात. पोरांना जरा वळण लागू दे.”

“हे मध्येच कुठून काढलंस गं?” सासूबाईंनी मला विचारलं. त्यांना आम्ही सगळेच मेमेर, म्हणजे आजी, म्हणतो.

“फादर बोलले ना रविवारी, उधळपट्टीवर.”

“कधी? मी पहिल्या बाकावर होते.”

“तुमचे डोळे मिटलेले होते, मेमेर.”

“प्रार्थना करत होते मी.”

“घोरत घोरत?” रोझेर म्हणाला. सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला. भेटींवर नावं नसणार, अदलाबदलीचा खेळ खेळायचा. चिठ्ठ्या काढायच्या, नंबर येईल तसं एकेकाने एक पुडकं उघडायचं, किंवा दुसऱ्याने उघडलेलं आवडलं तर सरळ हिसकावून घ्यायचं. पहिल्या नंबरवाल्याला हिसकावायला काहीच नसतं, म्हणून सगळ्यात शेवटी त्याला पुन्हा संधी. तेव्हा तो कोणाचंही काहीही उचलू शकतो.

आमचं घर तिथून दोन दारं सोडून. तेवढ्या वाटेत लिओ एकदाच बोलला.

“त्याला कळलंय.”

“कसं कळेल?”

“वीसचे पंधरा केले. टोमणा होता तो.”

“रोझेर टोमणे मारत नाही, तोंडावर बोलतो.”

“तेच तर. आता टोमणेही शिकला.”

डिसेंबरभर मी घर असं चालवलं की बँकेने मला नोकरी द्यावी. हीटर इतका कमी केला की पोरं लोकरीच्या टोप्या घालून टीव्ही बघायची; थंडीत मेंदू तरतरीत राहतो असं मी त्यांना सांगितलं. दिव्यांच्या माळेतले अर्धे दिवे गेले होते, तेव्हा लिओने जळकी बाजू झाडाच्या मागे फिरवली. शुभेच्छांची कार्डं टपालाने न पाठवता मी घरोघर जाऊन दिली. तिकिटांचे पैसे वाचले, शिवाय प्रत्येक घरी कॉफी मिळाली, म्हणून घरची कॉफीही वाचली.

मांसाचा प्रश्न नोव्हेंबरातच सुटला होता. लिओला रिकामा वेळ चिक्कार, त्यामुळे शिकारीत त्याला हरीण मिळालं. माझ्या परवान्यावर मीही एक मारलं. मी इतकी वैतागलेली होते की नेम चुकणं शक्यच नव्हतं. सगळं मांस शिजवून बरण्यांत भरून ठेवलं. त्यातल्या तीन बरण्या, एक बिटाचं लोणचं, एक जाम असं टोपलीत रचून मी वर गेल्या वर्षीची रिबीन इस्त्री करून बांधली.

“पंधरा डॉलरचं भरेल का हे?” लिओने विचारलं.

“हरणाला विचार.”

नाताळच्या दुपारी सासूबाईंकडे चिठ्ठ्या काढल्या. पहिला नंबर रोझेरचाच. त्याच्या पुडक्यातून बॅटरीवर गरम होणारे मोजे निघाले. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर, पण रोझेरकडून हिसकावायला कोणी धजेना. मेमेरना पाठ खाजवायची काठी मिळाली, ती त्यांनी लगेच वापरायला घेतली. रोझेरने स्वतः आणलेल्या पुडक्यात त्याच्याच दुकानाचं कॅलेंडर आणि टोपी होती, गिऱ्हाइकांना फुकट वाटतात ती. लिओने माझ्याकडे पाहिलं. बघितलंस, हाही टोमणाच, असा अर्थ. माझी टोपली रोझेरच्या थोरल्या पोराने, डेनिसने उघडली, आणि त्याचा चेहरा असा झाला की खोली खदखदून हसली.

शेवटी रोझेर उठला. मोजे त्याने मेमेरच्या मांडीवर ठेवले. सगळ्या भेटींवरून नजर फिरवली आणि डेनिससमोर जाऊन उभा राहिला.

“ती टोपली मला.”

“बाबा, खरंच?”

“तुझ्या आईला आवडतं हरणाचं.”

सगळे लुसीलकडे वळले. वीस वर्षं माझी ही जाऊ आमच्याकडे हरीण शिजलं की फक्त बटाटे वेचून खायची, आणि खिडकी उघडायला सांगायची. आता ती नाही म्हणेल, आणि हशा पिकेल, म्हणून सगळे वाट बघत होते.

“हो,” लुसील म्हणाली. “आवडतं मला. हल्ली.”

तिने टोपली मांडीवर घेतली आणि वर हात ठेवला.

खिडकीबाहेर नाताळच्या दिवशी पिवळं गवत दिसत होतं. बिनबर्फाचा हा दुसरा हिवाळा. बर्फच पडला नाही तर स्नोमोबाइल कोण घेणार, हे पोरालाही कळलं असतं. पण आम्ही दोघं स्वतःचं झाकण्यात एवढे गुंग, की त्याचं उघडं पडलेलं आम्हाला दिसलं नाही. मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर आत कुठेतरी जरा बरंही वाटलं, आणि मग त्याची लाज वाटली.

लिओ कोट न घालताच बाहेर गेला. परत आला तेव्हा रोझेर आणि लुसील निघाले होते, मी त्यांना सोडायला गाडीपाशी उभी होते. लिओच्या हातात खोकं होतं, आणि खोक्यात हरणाच्या बरण्या. आमचं जानेवारीचं जेवण होतं ते.

“हे कशाला?” रोझेर म्हणाला.

“फळीवर जागा नाही. क्लोडेट ओरडते.”

“ओरडते मी,” मी म्हणाले.

रोझेरचा हात सवयीने मागच्या खिशातल्या पाकिटाकडे गेला आणि तिथेच राहिला. लिओने तिकडे पाहिलं नाही.

“बरण्या तेवढ्या परत दे,” तो म्हणाला.

“धुऊन देतो.” रोझेरने खोकं घेतलं. “गिरणी कशी चाललीये?”

“चाललीये. दुकान?”

“चाललंय.”

लुसीलने त्याच्या हातातून खोकं घेतलं, मागच्या सीटवर ठेवलं, टोपली त्याला टेकवली, आणि वाकून दोन्हींवरून सीटचा पट्टा ओढून नीट बांधला.