दर शनिवारचा आकडा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारी एक जुनी मशीन आहे. पट्ट्याची शिवण उसवली, कळ दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. पण नव्याची नवलाई मीही भोगली आहे बरं! दीक्षाने मला नागपूरच्या इतवारी बाजारातून घेतलं आणि गावी, खाप्याला, आपल्या आईच्या, यमुताईंच्या हाती दिलं. यमुताईंना बीपीचा जुना त्रास. दर शनिवारी त्या माझ्यावरच्या आकड्याचा फोटो पाठवायच्या, मग नागपूरहून हर्षा डॉक्टर फोनवर दिसायच्या आणि गोळ्या सांगायच्या. फोटो दीक्षालाही जायचा. "छान" एवढं लिहून ती कामाला लागायची. नागपूरची नोकरी, तिला वेळ कुठला? यमुताई मात्र तो एक शब्द कितीदा तरी उघडून बघायच्या.

एकदा शेजारच्या गोविंदाने गंमत म्हणून मला दंडाला बांधलं. एकशे अठ्ठ्याहत्तर! गडबडीत यमुताईंकडून दीक्षाला तोच फोटो गेला. दीक्षा मिळेल त्या बसने आली, दोन दिवस राहिली, आईच्या डोक्याला तिने तेल लावून दिलं. चूक सांगायचं यमुताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत.

पुढे महिनाभर लेक फिरकली नाही. तेव्हा यमुताईंनी गोविंदाला मुद्दाम बोलावलं. मी काय करणार? मला दंड ओळखता येत नाही, नुसती धडधड कळते. आकडा गेला. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि कहर म्हणजे यमुताईंनी ती इमानाने घेतली! तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन त्या नळाजवळ पडल्या.

दीक्षा धावत आली. तिने स्वतः पट्टा बांधला. अवघं चौऱ्याण्णव. मग यमुताईंनी सगळं कबूल केलं.

"काहून केलं वं आई असं?"

"तू आकडा वाढला तरच येतं ना, बाई."

दीक्षाला पट्टा सोडायचंही सुचलं नाही. ती तशीच आईचा हात धरून बसली. हर्षा डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि गोविंदालाही फोनसमोर बसवून त्याचे उपचार सुरू केले.

आता शनिवारी मी दोन दंडांना बांधली जाते, आणि फोटोखाली नाव लिहिलं जातं. यमुताईंचा आकडा चांगला येतो. तो पाठवला की त्या मला कपाटात ठेवत नाहीत, मांडीवर घेऊन दारात बसतात. काही शनिवारी दीक्षा येते, काही शनिवारी शेवटची बसही निघून जाते.

मित्रांनो, माझी शिवण कुणी घातली तर बरंच होईल. पण आकडा चांगला आला, तरीही घरी जात जा. आईला किती आठवण येते, ते माझ्या पडद्यावर दिसत नाही.