धाकट्या हाताची मूठ

पू बियाकांच्या चर्चच्या मुलांच्या मासिकात कोणताही मुलगा पाय मोडल्याशिवाय सुधारत नसे. संत्री चोरणारा झाडावरून पडे, रविवारची शाळा बुडवणारा उतारावरून गडगडे, आणि आईला उलट बोलणाऱ्या मुलीला तर थेट टायफॉइड. मग सगळे रडत, प्रार्थना करत, आणि शेवटी जाड अक्षरांत 'शिकवण' अन् खाली बायबलचं वचन. ऐजॉलच्या त्या उतारावरच्या वस्तीतली सगळी पोरं हे मासिक वाचत मोठी झाली होती. हिमीसुद्धा. आठवीत असताना तिनेही एकाचा पाय मोडला होता आणि ती गोष्ट छापूनही आली होती. तिच्या भावाने, दिंगाने, ती मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं होतं, "दुसरा पाय पुढच्या महिन्यात का?"

आता ती दहावीत होती आणि पायांवरून तिचं मन उडालं होतं. तिला खरं काहीतरी लिहायचं होतं. एकदा सकाळचं जेवण शिजवताना नूने, म्हणजे आईने, तांदळाच्या डब्यातून देवाची मूठ, चर्चला द्यायचा मूठभर तांदूळ, काढून वेगळ्या डब्यात टाकली, तशी ती रोजच टाकत असे, प्रत्येक घरातली बाई टाकते, आणि हिमीला गोष्ट सापडली. ती तिच्या अगदी हाताखाली होती, इतकी वर्षं. तिने ती एका बैठकीत लिहिली, शाळेच्या वहीच्या मधल्या पानांवर, आणि शाळा सुटल्या सुटल्या पायऱ्या चढत पू बियाकांच्या घरी नेऊन दिली.

पू बियाका हे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, गुडघ्यावर शाल, नाकावर चष्मा; वस्तीत वडीलधाऱ्या पुरुषाला पू म्हणत आणि बाईला पी. त्यांनी गोष्ट दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या, तेव्हा हिमीला वाटलं, आपण जिंकलो. पण त्यांनी लाल पेन काढलं.

त्यांचं म्हणणं असं की गोष्ट छान आहे, पण तिला शेवट नाही. यातल्या आईने देवाच्या मुठीत हात आखडता घेतलाय. मग एक तर तिला पश्चात्ताप व्हायला हवा, नाही तर चमत्कार. त्यांनी तिथेच समासात लिहूनही टाकलं की आई गुडघे टेकते, आणि दुसऱ्या दिवशी डबा काठोकाठ भरलेला असतो.

"डबा भरला नव्हता, पू," हिमी म्हणाली. "आम्ही अळकुड्या उकडून खाल्ल्या."

"मग यात मुलांनी शिकायचं काय?"

हिमीला एवढंच कळत होतं की तो भरलेला डबा छापून आला तर आपण खोटं बोललो असं होईल, आणि तेही देवाच्या मासिकात. ती म्हणाली, छापायची तर अशीच छापा, नाही तर वही परत द्या. बोलून झाल्यावर तिचे कान तापले, कारण पू बियाकांना असं कुणी बोलत नसे.

ते रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले की ही तांदळाची गोष्ट आहे आणि तांदूळ बायकांचा आहे. त्यांच्या मनाला लागलं तर मासिक कुठल्या घरात शिरायचं? शनिवारी महिला मंडळाच्या बायका घरोघरचा तांदूळ गोळा करून चर्चच्या सभागृहात बसतात. तिथे हिमीने ही गोष्ट वाचायची. त्यांनी चालेल म्हटलं तर एक अक्षर बदलणार नाही. नको म्हटलं तर चमत्कार.

हिमी खुशीत हो म्हणाली आणि पायऱ्या दोन-दोन करत उतरू लागली. साधारण चाळिसाव्या पायरीवर तिच्या लक्षात आलं की त्या बायकांत नू बसलेली असणार.

आठवडाभर ती सांगेन सांगेन म्हणत राहिली. नूला एवढंच कळलं होतं की आपल्या पोरीला मंडळासमोर वाचायला बोलावलंय, आणि ती बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या विकता विकता ते सगळ्यांना सांगून आली होती. शनिवारी तिने पेटीतलं चांगलं पुआन काढून कमरेला गुंडाळलं, तेव्हा तर हिमीने सांगायचा विचारच सोडला.

सभागृहात तांदळाचा ढीग पडला होता. शंभर घरांचा तांदूळ, कुठे लांब दाणा, कुठे चिकट, कुठे लालसर, सगळा एकत्र. बायका सुपांनी पाखडत होत्या आणि एकमेकींच्या सुनांविषयी बोलत होत्या. मंडळाच्या अध्यक्ष पी साईङुरी वजनाचा काटा घेऊन बसल्या होत्या. त्यांना वस्तीतले कुत्रेसुद्धा वाट देत. पू बियाका दाराजवळच्या खुर्चीत टेकले. हिमी उभी राहिली आणि नूकडे न बघता वाचू लागली.

तिने वाचलं की एका घरात डबा भरलेला असला की आई स्वतः देवाची मूठ काढायची. पण ज्या दिवशी डब्याच्या तळाचा पत्रा दिसायचा, त्या दिवशी ती शेंडेफळाला हाक मारायची, ये, आज मान तुझा. शेंडेफळाला वाटायचं, आपण फार मोठे झालो. ती बोटं गच्च दाबून, दाणा न सांडता मूठ काढायची, आणि तरी ती आईच्या मुठीच्या निम्मीच भरायची. उरलेल्या निम्म्यात तिच्या भावाच्या ताटातला भात वाढायचा. मग एके दिवशी शेंडेफळाचा हात आईच्या हाताएवढा झाला. आईने दोन्ही तळवे जुळवून बघितले, हसली, आणि शेजारणीचं बाळ मागायला गेली.

गोष्ट तिथे संपत होती. सुपं थांबली होती.

"कुणाचं घर हे?" पी साईङुरींनी विचारलं.

मनाने रचलंय, असं म्हणायला हिमीने तोंड उघडलं. तसं म्हटलं असतं तर नू वाचली असती, पण पू बियाकांचा तो खोटा डबाही भरला असता. शब्द जिभेवर आलेसुद्धा. पण त्याआधी मागच्या रांगेत चांगल्या पुआनची सळसळ झाली.

"माझं," नू म्हणाली. ती उभी होती आणि तिच्या मांडीवरचा कोंडा खाली सांडत होता. "आणि मूठ हिची. पाच वर्षांची होती."

पी साईङुरींनी काटा बाजूला ठेवला.

"पाच म्हणजे मोठीच की," त्या म्हणाल्या. "माझा तीन वर्षांचा होता."

क्षणभर कुणाला खरंच वाटेना. मग खिडकीजवळची एक म्हातारी हसायला लागली, दात नसलेलं हसू, आणि म्हणाली की तिच्या घरी सगळे घोडे झाले होते म्हणून ती नातवाला मुद्दाम राहायला बोलवायची. मग दुसरीने सांगितलं. मग तिसरीने. एकीने सांगितलं की तिची शेजारीण बाळ उसनं न्यायची, तेव्हा तिला वाटायचं किती माया आहे बाईला. ती शेजारीण पलीकडेच बसली होती आणि तिने सुपात तोंड लपवलं. सभागृहात असा हशा उसळला की पाखडलेला तांदूळ पुन्हा सांडला. काही जणी हसता हसता डोळे पुसत होत्या, आणि ते सगळंच काही हसण्याचं पाणी नव्हतं. हिमी मधोमध वही धरून उभी होती आणि तिला वाटत होतं, आपण एका हाताने सबंध चर्च उचलू शकतो.

पू बियाकांनी खुर्चीतून विचारलं, "पण मग शिकवण काय लिहू?"

पी साईङुरींनी ढिगात दोन्ही हात घातले आणि ओंजळभर तांदूळ वर काढला. "यातली लहान मूठ कुठली ते मला दाखवा, पू, मग मी शिकवण सांगते."

पू बियाकांना दाखवता आली नाही. त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, हिमीच्या हातातली वही घेऊन समासातला चमत्कार लाल पेनने खोडला.

अंक निघाला त्या रविवारी गोष्ट पहिल्याच पानावर होती, शेंडेफळाच्या हाताच्या चित्रासकट. जाड अक्षरांतल्या 'शिकवण'खाली चार रेघा कोऱ्या सोडल्या होत्या, ज्याला जे वाटेल ते त्याने लिहून पाठवावं म्हणून. बुधवारपर्यंत पू बियाकांकडे त्रेसष्ट चिठ्ठ्या आल्या आणि त्यांना त्या ठेवायला बिस्किटांचा डबा रिकामा करावा लागला.

नूने ते पान चुलीपाशी उभ्या उभ्या वाचलं. ओठ हलवत, शेवटपर्यंत. मग म्हणाली, "तू पाचची नव्हतीस गं, साडेचारची होतीस. मी त्या दिवशी मंडळासमोर घाबरून पाच म्हटलं."

"त्याला आता इलाज नाही, नू," हिमी म्हणाली, आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.