बारवाली चाल

गडचिरोलीत दारूबंदी झाली आणि वैनगंगेचा पूल ओलांडताच, चंद्रपूरच्या हद्दीत, बारांची रांग उभी राहिली. त्यातल्या एका बारात रंभा गायची, तिचा नवरा वारलू बेंजो वाजवायचा. ग्लासांच्या खणखणाटात साधं गाणं बुडून जाई. म्हणून तिनं ओळ लांबवून शेवटी गिऱ्हाईक सांगेल ते त्याचं नाव गुंफायला सुरुवात केली. नाव आलं की त्यानं ग्लास उंच करायचा. पुढं रांगेतले सगळेच बार तसं गाऊ लागले. लोक त्याला ‘बारवाली चाल’ म्हणत.

हे मिरवणार कुठं? गावात तिनं सांगितलं होतं, वसतिगृहात स्वयंपाकाला आहे.

लेकीचं, मयुरीचं साक्षगंध ठरलं. मुलगा आरमोरीकडचा. त्याची आई कमळाबाई दारूबंदीच्या मोर्चात पुढं असायची. सोयरीक मुलाच्या काकानं जमवली होती. मुलाच्या वडलांना रंभानं अजून पाहिलं नव्हतं.

“माय, तू फक्त गप्प राह्य,” मयुरी म्हणाली होती.

पण मांडवात वारलूच्या तोंडून निसटलं, “आमची बाई गाते बरं का!”

“मंग म्हना ना विहीणबाई,” कमळाबाई म्हणाली.

रंभानं गणपतीचं धरलं. पोरांचा गलका, भांड्यांचा आवाज. तो कापायला गळा आपोआप त्या चालीवर गेला. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे वडील मुखरूभाऊ आत आले. कुणीतरी त्यांच्या हातात सरबत दिलं. रंभाची नजर त्या बारातल्या ओळखीच्या चेहऱ्यावर पडली आणि ओळ संपता संपता तोंडातून गेलं,

“…जंगूशेऽऽठ!”

मुखरूभाऊंचा ग्लास झटकन वर गेला.

तो खाली कसा आणावा, हे त्यांना सुचेना. पोरं खिदळली. मयुरीनं पदर कपाळावर ओढला.

“जंगूशेठ कोन जी?” कमळाबाईनं नवऱ्याला विचारलं. “तुमचं नाव तं मुखरू.”

“पोरीचा काई दोष नाई,” ते पुटपुटले.

“पोरीले कोन म्हनून राह्यलं?” ती रंभाकडं वळली. “विहीणबाई, तुमचं वसतिगृह कुठी?”

“पुलापाशी.”

“मंग ह्यायले तिथीच जेवाले वाढता वाटते.”

बायांनी तोंडाला पदर लावले. रंभाला वाटलं, हिनं दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या.

“बसवा पोरीले पाटावर,” कमळाबाई म्हणाली.

मयुरी बसली. अंगठीसाठी हात पुढं केला. आईकडं मात्र तिनं पाहिलं नाही.