बाकल्याची चव

“चमचा खाली ठेवा, मुतवल्लीकाका! आधी खाली ठेवा!”

इजिप्तमधल्या दमनहूरच्या बाजारातली सगळी रांग वळून बघायला लागली. डॉक्टर नर्मीन पिशवी सांभाळत धावत येत होत्या, आणि मुतवल्लीचा चमचा तोंडापासून बोटभर अंतरावर थांबला होता.

“का? तुमच्याच इस्पितळानं सांगितलं ना, माझ्या रक्तात खोट नाही म्हणून?” तो रुबाबात म्हणाला.

बाकल्याची, वालासारख्या त्या टपोऱ्या कडधान्याची, उसळ विकण्यात उभा जन्म गेला, पण या माणसाला तिची चव ठाऊक नव्हती! लहानपणी बाकला खाऊन तो हळदीसारखा पिवळा पडला होता, तेव्हापासून बंदी. चाखून बघायची ती त्याची बायको, इन्साफ. ती गेल्या हिवाळ्यात वारली आणि उसळ कधी खारट, कधी अळणी व्हायला लागली. गिऱ्हाइकं कुरकुरली. शेवटी त्यानं गुपचूप चार घास खाल्ले. तेही भीतीनं, न चावताच गिळले. लघवी काळ्या चहासारखी, अंगातलं रक्त उतरलेलं, अशा अवस्थेत इस्पितळ गाठलं. आणि तिथली तपासणी मात्र चक्क निर्दोष! मग काय, आज सगळ्यांदेखत तो आपली उसळ चाखणार होता.

“काका, रक्तातली लाल पेशी चारेक महिने जगते,” डॉक्टर धापा टाकत म्हणाल्या. “बाकल्याला तोंड द्यायला तिच्यापाशी एक द्रव्य असतं. तुमच्या पेशींत ते लवकर संपतं. म्हाताऱ्या पेशींपाशी उरतच नाही. बाकला पोटात गेला की त्या फुटतात.”

“मग तपासणी खोटं बोलली?”

“नाही हो. म्हाताऱ्या आधीच फुटून गेल्या होत्या. उरल्या त्या नुकत्या जन्मलेल्या, दमदार. आम्ही फक्त त्यांनाच विचारलं!”

“म्हणजे घर लुटलं गेलं, अन् पोलिसांनी जबानी घेतली पाळण्यातल्या बाळाची!” रांगेतला न्हावी खिदळला.

मुतवल्ली हसला नाही. “अन् ही बाळं म्हातारी झाली की?”

“तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, तेव्हा खरं दिसेल. पण काका, ते तुम्हाला आत्ताच ठाऊक आहे.”

त्यानं चमचा खाली घेतला. मग भाकऱ्या मोजून देणाऱ्या लेकीकडे वळला. “शहीरा, इकडे ये. चाख.”

“बाबा, मला आईसारखं नाही कळत.”

“मला तरी कुठं कळतं? घे.”

तिनं घास घेतला. “मीठ हवं. जिरंही थोडं.”

त्यानं चिमूट टाकली, ढवळलं, पुन्हा चमचा पुढे केला.

“आता बरोबर आहे,” ती म्हणाली.

“ते नव्हे गं. लागते कशी?”

रांगेत कुणी घाई केली नाही. शहीरानं आणखी एक घास घेतला आणि डोळे मिटून, अगदी सावकाश चावायला लागली. तिच्याबरोबर मुतवल्लीचाही जबडा हलत होता.