चंचलले न दिलेलं पान

चंचल बोलाले उभी राह्यली की माझ्या पोटात आग होते, हे आधीच सांगून टाकते. डी.एड.ले आम्ही एकाच खोलीत राह्यलो. तिथंही पाठ घ्याले ही पुढं आणि तिचे चार्ट रंगवाले मी. आवाज गोड, दिसाले बरी, आणि वरून मनानं चांगली. तेच तर जास्त झोंबते. वाईट असती तर मले किती सोपं गेलं असतं.

माझं असं आहे, की पहिलीच्या पोट्ट्यांसमोर मी दिवसभर घसा फाडते. पण समोर मोठी माणसं बसली की जीभ टाळूले चिकटते. दर महिन्याले आमच्या केंद्राची शिक्षण परिषद भरते, आजूबाजूच्या शाळांचे सारे मास्तर-मास्तरणी जमतात. मागच्या वर्षी तिथं मी ‘आदरणीय’ म्हणली आणि खाली बसली. आदरणीय कोण, तेही सांगणं झालं नाई. कोणी हसलं नाई. हसले असते तर परवडलं असतं, पण साऱ्यांनी कीव केली.

यंदा गोष्ट वेगळी होती. माझ्या टोल्यावरची, म्हणजे गावापासून दूरच्या लहानशा वस्तीवरची, लेकरं घरी गोंडी बोलतात, शाळेत आली की मुकी होऊन बसतात. म्हणून मी कार्डं बनवली. समोर चित्र आणि मराठी शब्द, मागं गोंडी शब्द. गंगाबाई म्हणून एक माय आहे, ती शेतातून आली की शाळेच्या ओट्यावर बसून मले शब्द सांगे. दोन वर्षं गेली यात. आता पोट्टे धडाधड वाचतात. केंद्रप्रमुख हरिदास सर पाहून खूश झाले. म्हणाले, “मॅडम, हे परिषदेत मांडा. मोठे साहेब येऊन राह्यले. त्यांले पटलं तर कार्डं छापून साऱ्या टोल्यांवर जातील.” मग जरा थांबून म्हणाले, “बोलाले चंचल मॅडमले सांगू का?”

मी हो म्हणली. दुसरं काय म्हणणार होती?

चंचल दोन रविवार तिच्या नालवाडीहून माझ्या घरी आली. “मंजू, काम तुझं आहे, तूच बोल. मी शिकवते तुले.” पहिलं वाक्य पाठ करून ठेवाचं. मागच्या रांगेतल्या एकाच माणसाकडं पाह्यचं. हातात खडू धराचा, म्हणजे हात कापत नाई. मी आरशासमोर भाषणाचं पहिलं पान बोलली, बरी बोलली. चंचलनं टाळ्या वाजवल्या, पहिलीच्या लेकरासाठी वाजवतात तशा. माझं डोकं सणकलं. “तूच बोल बापा,” म्हणली आणि मी लिहिलेली पानं तिच्या हातात दिली. चार दिली. पाचवं कपाटात ठेवलं.

पाचव्या पानावर तेच होतं, जे कोणीही विचारन. गोंडीवरून लेकरू मराठीवर केव्हा येते? ज्या कार्डाची मागची बाजू पाहाची गरज उरत नाई, ते कार्ड लेकरू स्वतःच आपल्या डब्यात टाकते. मी नाई ठरवत, ते ठरवते. दिवाळीनंतर डबे भरत जातात. काऊन ठेवून घेतलं ते पान? एवढं तरी माझं राहू दे, असं वाटलं.

परिषदेत चंचल बोलली. काय बोलली! माझं नाव तिनं सात वेळा घेतलं. गंगाबाईचा ओटा तिनं असा सांगितला, की मलेच तो नवीन वाटला. लोक वळून वळून माझ्याकडं कौतुकानं पाहत होते आणि मी आतून जळून राह्यली होती.

मग साहेबांनी विचारलं, “मॅडम, परीक्षा तर मराठीत असते. मुलं मागची बाजूच बघत राहिली तर? मराठीवर येतात कधी?”

चंचलनं पानं उलटली. पुन्हा उलटली. तिले अडकलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहत होती. “सर, हे मंजुषा मॅडमच सांगतील,” ती म्हणली.

चाळीस माना माझ्याकडं वळल्या. मी माझे हात पाह्यले, कापत नव्हते. घसा कोरडा नव्हता. पुरं वाक्य जिभेवर तयार होतं. पहिल्यांदाच मले कोणाची भीती वाटत नव्हती. पण समोर चंचल उभी होती, कान लाल झालेले, आणि मले ते अजून थोडा वेळ पाह्यचं होतं. थोडाच वेळ.

तेवढ्यात साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. “चांगलं आहे, पण अर्धवट आहे,” म्हणाले आणि पुढच्या शाळेले बोलावलं. कार्डं आमच्याच टोल्यावर राह्यली.

बाहेर बसची वाट पाहताना चंचलनं माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते. “माझंच चुकलं, मंजू. तुले असं एकदम साऱ्यांसमोर पुढं कराले नको होतं. लय भीती वाटली ना?”

“हो,” मी म्हणली. “लय भीती वाटली.”

तिनं तिची पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली. मी पाणी पेली.