फ्लॉपीच्या कपाळी कुंकू

मी एक जुनी फ्लॉपी आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल. तळहाताएवढं काळं पाकीट, आत तपकिरी चकती, आणि संगणकाला वाचता यावं म्हणून एक लांबट उघडी खिडकी. माणसं मला नाजूक म्हणत आणि चहाचा कप माझ्यावरच टेकवत.

१९९१ साली मी धुळ्याच्या एका कॉलेजात हिलाल सरांकडे आले. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की ज्योत पसरत जाते. पण दूरच्या कोपऱ्यात दाबलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण कधीकधी इतकं तापतं, की ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटतं. मग इंजिन टकटक वाजतं. हे नेमकं कधी घडेल, ते सर संगणकावर गणिताने मांडत. एकेका गणिताला दीड दिवस, अशी बारा गणितं. सगळी उत्तरं एकट्या माझ्या पोटात. सोमवारी परीक्षकांना ती दाखवायची होती. ही पुढची पदवी मिळाली तर नोकरी कायम, नाहीतर दिवाळीनंतर घरी.

दुसरी प्रत? ‘उद्या काढू.’ हुशार माणसांचा उद्या फार लांब असतो.

गुरुवारी खंडेनवमी आली. प्रयोगशाळेचे शिपाई झुलाल नाना ओल्या कुंकवाची वाटी घेऊन निघाले. इंजिन, पाने-पकडी, संगणक, सगळ्यांना टिळे लागले. मग मी दिसले.

“बठ्ठास्ले टिळा लावा, हाई एकलीच कोरी कशी ठेवू? इन्हं कपाळ तं उघडंच शे!”

आणि त्यांनी खिडकीतून थेट चकतीवर बोट टेकवलं. वर झेंडूचं फूल ठेवून हातही जोडले. इतक्या मायेने मला कोणीच हात लावला नव्हता.

शुक्रवारी दसरा. शनिवारी संगणकाला माझ्यातलं एक अक्षरही वाचता येईना. परीक्षकांनी तारीख वाढवली नाही.

दिवाळीनंतर सर आपल्या गावी, पहूरला गेले. तिथे मोटारसायकली दुरुस्त करू लागले. टकटक ऐकूनच दोष सांगत. मी हत्यारांच्या फळीवर होते.

सहा वर्षांनी नाना भेटायला आले. निवृत्त झालेले, काठी टेकत. माझ्यावरचा लाल डाग त्यांना दिसला.

“सर, तवय मन्हं काही चुकनं का?”

“छे हो नाना! माझे आकडेच चुकले होते. तुमच्या टिळ्याने काय होतंय? बसा, चहा सांगतो.”

नाना हसले, मोकळे झाले. सर पाठमोरे होऊन बराच वेळ पाना पुसत राहिले.

मित्रांनो, मोलाच्या गोष्टीची दुसरी प्रत त्याच दिवशी काढा. आणि जो हाताळणार, त्याला ती काय आहे ते समजावून सांगा. नानांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

आकडे बरोबर होते. बाराच्या बारा.