चोवीसपैकी आठ

बसस्थानकावर सव्वीस वर्षं गाड्या पुकारत होता, म्हणून त्याला भोंगा हे नाव पडलं. चालक-वाहक तोंडावर म्हणत, साहेब पाठीमागे म्हणत, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. मग घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं आणि मानेच्या मुळाशी श्वासापुरतं एक भोक राहिलं. त्यानंतर जुने सोबती भेटले की त्याला अदबीनं खऱ्या नावानं हाक मारू लागले. आवाज गेला त्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं.

बायको आजाराच्या आधीच गेली होती. लोक म्हणत, सुटली बिचारी, हे बघावं लागलं नाही. त्याला मात्र वाटे, ती असती तर नुसत्या ओठांवरून तिला सगळं कळलं असतं. थोरली बहीण, अक्का, दर रविवारी फोन करी आणि एकटीच बोले. हो म्हणायचं असलं की तो फोनवर नखानं एक टिचकी मारी, नाही म्हणायचं असलं की दोन. "जेवलास?" टिक. "खोकला आहे का अजून?" टिक टिक. सात-आठ मिनिटांत अक्काचा साठा संपे. हो-नाहीत भागेल असे प्रश्न माणसाजवळ असतात तरी किती! मग "बरं, ठेवते हं" म्हणून ती फोन ठेवी, आणि पुढच्या रविवारपर्यंत घरात नळाखेरीज कुणी बोलत नसे.

अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं तयार करणारं एक ग्रंथालय होतं. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी त्याला काम दिलं. संगणकातलं वाचनयंत्र छापील मजकूर घडाघडा वाचून दाखवतं, पण चित्र किंवा तक्ता आला की त्याची दातखिळी बसते. तिथे काय आहे ते शब्दांत लिहून द्यायचं. वर्षभरात त्यानं हृदयाचा छेद लिहिला, ज्वालामुखी लिहिला, सदऱ्याची बेतणीसुद्धा लिहिली. ते कोण ऐकतं हे त्याला माहीत नसे. पानं बाईंकडे जात, तिथून पुढे कुठे जात कोण जाणे.

एके दिवशी इंग्रजी व्यंजनांचा तक्ता आला. ज्या विद्यार्थिनीला तो हवा होता ती तिशीची होती, लहानपणीच दृष्टी गेलेली. एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घ्यायची आणि सुटल्यावर इंग्रजीची शिक्षिका होण्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची. तक्त्यात आठ उभे रकाने होते, सहा आडव्या ओळी. घरं अठ्ठेचाळीस, त्यांत ध्वनी चोवीस. भोंग्यानं गाड्यांचं वेळापत्रक लिहावं तसं एकेक घर लिहून काढलं आणि पाठवलं.

या वेळी उत्तर थेट त्यालाच आलं. "काका, तुम्ही कष्ट केलेत ते दिसतंय, म्हणजे मला ऐकू येतंय. पण वाचनयंत्रानं मला 'रिकामं' हा शब्द बत्तीस वेळा ऐकवला. माझं डोकंही तसंच झालं. घरं नकोत, तक्ता सांगा."

पत्र त्यानं चारदा वाचलं. रागच आला आधी. मग दोन दिवस त्यानं दुसरं काही केलं नाही. तक्ता समोर, आरसा हातात, आणि तोंड उघडून जीभ कुठे जाते ते बघणं. तिसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं:

"आपली क-ख-ग घशातून निघते आणि प-फ-ब-भ-म करत ओठांशी येते. हा तक्ता उलट्या दिशेची गाडी आहे. पहिला थांबा दोन्ही ओठ. दुसरा, खालच्या ओठावर वरचे दात. तिसरा, जिभेचं टोक दातांत. चौथा, दातांमागचा उंचवटा. मग टाळू सुरू होताना एक, टाळूच्या मध्यावर एक, टाळूच्या मऊ भागावर एक, आणि शेवटचा थांबा घसा. आडव्या ओळी म्हणजे हवेला किती अडवायचं. पहिल्या ओळीत दार पूर्ण लावून फटकन उघडायचं. दुसरीत बारीक फट ठेवायची, हवा घासत जाईल. जिथे एका घरात दोन ध्वनी आहेत, तिथे तोंडाची ठेवण एकच. डावा नुसत्या हवेचा, उजव्याला घसा थरथरतो. पी आणि बी. टी आणि डी."

लिहिता लिहिता तो प्रत्येक ध्वनी करून बघत होता. पी झाला, नुसता तोंडातल्या हवेचा. बी केला, तोही पीच झाला. टी झाला, डी झाला नाही. एमला नाकातून हवाच येईना. आणि शेवटच्या थांब्यावरचा एच, जो म्हणजे निव्वळ उच्छ्वास, तो तर तोंडापर्यंत पोचण्याआधीच मानेतून निघून गेला. जमले त्यांवर त्यानं पेन्सिलीनं खुणा केल्या आणि मोजल्या. चोवीसपैकी आठ. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज जाईल. नेमकं काय काय गेलं त्याची यादी त्याला आज मिळाली.

तिचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. "आता कसं! सगळं तोंड फिरून आले. फक्त व्ही आणि डब्ल्यू माझा एकच होतो, आणि जीभ दातांत घालायचे ते दोन जमत नाहीत. फोनवर म्हणून दाखवाल का?" खाली नंबर होता.

त्यानं लिहिलं, फोन बिघडलाय.

"मग मी बुधवारी तीन वाजता ग्रंथालयात येते," तिनं लिहिलं.

आता नाही कसं म्हणणार? बुधवारी तो गळ्याला रुमाल बांधून निघाला. खिशात नेहमीची वही घेतली, आणि अर्ध्या वाटेत त्याच्या ध्यानात आलं की वही तिच्या काय कामाची! मोबाइल होता म्हणून बरं. त्यावर टंकलेलं मोबाइलच वाचून दाखवायचा, पण अडखळत.

ग्रंथपाल बाईंनी दोघांना टेबलाशी बसवलं. "हे बघ, आले तुझे काका," म्हणाल्या आणि पलीकडे फोन वाजला म्हणून उठून गेल्या. तिला सगळं ठाऊक असेल अशी त्यांची समजूत.

"काका, नमस्कार. पाणी वगैरे घेतलंत का?"

भोंग्यानं तिचा हात धरला आणि तळवा आपल्या तोंडापुढे आणला. पी. हवेचा फटका तळव्यावर बसला.

"हा पी," ती म्हणाली. "आता बी."

पुन्हा तसाच फटका.

"हाही पीच झाला. बी म्हणा ना." तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "चेष्टा करताय का माझी? घसा थरथरतो असं तुम्हीच लिहिलंत." आणि तिनं हात त्याच्या गळ्याकडे नेला. बोटं रुमालाला लागली. रुमालाखालून ऊन श्वास आला, गेला, पुन्हा आला.

तिनं हात झटकन मागे घेतला नाही. तिथेच ठेवला.

"इथून श्वास घेता?"

त्यानं टेबलावर टिचकी मारली.

"एक म्हणजे हो?"

टिक.

"म्हणजे तुम्हाला फक्त डावीकडचे येतात. आणि एच?"

टिक टिक.

त्याला वाटलं, आता अरेरे येणार. पण ती म्हणाली, "ठीक आहे. जागा तुम्ही दाखवा, आवाज मी काढते." बाईंकडून साबण मागून तिनं हात धुतले आणि परत येऊन बसली. त्यानं वरचे दात खालच्या ओठावर टेकवले, तिचं बोट तिथे नेलं. तिनं तसं केलं आणि आवाज सोडला. व्ही! मग ओठांचा गोल. डब्ल्यू! जीभ दातांत घालायच्या दोघांना वेळ लागला. असे तीन बुधवार गेले. चोवीसही ध्वनी त्या टेबलावर झाले, आठ त्याचे आणि बाकीचे तिचे.

तिसऱ्या बुधवारी तिनं विचारलं, "डॉक्टर बोलायचं यंत्र देतात ना?"

त्यानं टंकलं, मोबाइलनं वाचलं: "आहे. कपाटात. दाढीच्या यंत्रासारखं वाजतं. दुकानात लोक हसले."

"मला काय त्याचं? मी दिवसभर यंत्रंच ऐकते. तुमची पत्रं माझ्या वाचनयंत्रातल्या एक बाई वाचतात, माहितेय? चांगल्या ठसक्यात!"

भोंगा हसला. पोट धरून हसला, कित्येक महिन्यांनी. पण त्या हसण्याला आवाज नव्हता, त्यामुळे तो हसला हे तिला कळलंच नाही. तिला वाटलं, काकांना लागलं. "रागावलात का?" तिनं विचारलं. त्यानं घाईघाईनं दोन टिचक्या मारल्या. हसण्याची टिचकी काही ठरलेली नव्हती.

घरी येऊन त्यानं यंत्र काढलं, पुसलं, विजेला लावलं. गळ्याला टेकवून "अक्का" म्हणून बघितलं. रविवारी तिला ऐकवलं. अक्का आधी घाबरली, मग रडली, आणि मग पाऊण तास तिनं फोन ठेवला नाही.

निकालाच्या दिवशी विद्यार्थिनीचा फोन आला. ती पास झाली होती. भोंग्यानं यंत्र टेकवलं. "अभिनंदन."

"कोण बोलतंय?... काका! अहो, यंत्रातल्या बाईंपेक्षा कितीतरी बरा आहे आवाज." मग ती भराभरा सांगत सुटली. लांबच्या गावी निवासी शाळेत नोकरी मिळाली होती, सोमवारीच निघायचं होतं, सामान बांधायचं होतं. चार मिनिटांत फोन संपला. त्याला आणखी एक वाक्य बोलायचं होतं, पण यंत्रावर वाक्य जुळवायला वेळ लागतो.

सुरुवातीला तिची पत्रं एखादं चित्र किंवा तक्ता घेऊन आठवड्याला येत, मग महिन्याला. शाळेनं वर्णनं लिहायला माणूस ठेवला, तेव्हा पत्रंही थांबली. त्यानं मनाला लावून घेतलं नाही. वर्गात चाळीस मुलं, वेळ मिळायचा कुठून? तरी जेवायला बसण्याआधी तो संगणक उघडून पत्रांची पेटी बघून घेई.

पुढे ग्रंथपाल बाईंनी स्वरांचा तक्ता पाठवला, वेगळ्याच कुणासाठी. त्यानं तो एका दुपारी लिहिला. समजतोय की नाही हे बघायला यंत्र गळ्याला लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. स्वर यंत्रावर चांगले उमटत. 'आ' वर तो जरा जास्तच थांबला. दोन शब्द बदलले. मग पान बाईंना पाठवून दिलं आणि भात टाकायला उठला.